एका सीसीनं वाचलेली बुलेट

एमएच-११ असो की एमएच-१०, कॉलेजच्या पार्किंगमध्ये बुलेट शिरली की आधी कान टवकारतात, मग माना वळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती थोडी स्वस्तही झालीय. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना मात्र थेट ४० टक्के. आधी उपकर धरून ३१ पडायचा. आताच्या बुलेटचं इंजिन ३४९ सीसीचं. म्हणजे एका सीसीनं वाचली!

बुलेट हे नाव १९३२ चं, इंग्लंडमधल्या रेडिचचं. भारतात तिची ३५० चालली ती लष्करामुळे. पन्नाशीच्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० गाड्यांची ऑर्डर गेली आणि १९५५ मध्ये मद्रासला जुळणी सुरू झाली. पुढं इंग्लंडमधलं उत्पादन बंद पडलं, मद्रासचं चालू राहिलं. ज्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, तिथं ‘फौजेतली गाडी’ या शब्दांना वजन असणारच.

खरं सांगायचं तर गाडी म्हणून ती कित्येक वर्षं फारशी बदललीच नाही. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक, खाली तेलाचे ठिपके, आणि किक मारण्याआधी अँपिअर मीटरचा काटा बघायचा. १९९४ मध्ये कंपनी आयशरकडे गेली. मग सेल्फ स्टार्ट आला, गिअर डावीकडे आला, आणि २०२३ मध्ये ३४६ सीसी जाऊन नवं ३४९ सीसीचं इंजिन आलं. जुनी मंडळी म्हणतात, ती डगडग गेली. पोरं मग बाहेरचा सायलेन्सर बसवतात आणि पोलिस तो काढून रोलरखाली घालतात. चालूच आहे.

आता गंमत बघा. आपल्या शेजारी, चाकणला बजाजनं बनवलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ही ३९८ सीसीची. वजनाला बुलेटपेक्षा हलकी, तरी कर बावीस टक्के जास्त. सीसी मोजून ‘चैन’ ठरवायची ही पद्धतच चुकीची वाटते. खुद्द आयशरच्या सिद्धार्थ लाल यांनी सगळ्या दुचाकींना सरसकट १८ टक्के लावा, असं म्हटलं होतं. साहजिक आहे, त्यांच्या ४५० आणि ६५० पण ४० मध्येच अडकल्यात.

कंपनीनं ३५० च्या गाड्यांवर २२ हजारांपर्यंत कपात जाहीर केली. हिशेब सरळ आहे: लाखाच्या मूळ किमतीला आधी १ लाख २८ हजार पडायचे, आता १ लाख १८ हजार. म्हणजे सूट दहा नाही, आठ टक्क्यांच्या आसपास. आणि पेट्रोल? तासगावहून सांगलीला रोज येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर, लिटरला ३५ धरले तरी दीड लिटर गेलंच. डाऊन पेमेंट वडिलांच्या ऊस बिलातून निघेल भावा, पण महिन्याचं पेट्रोल कुणाच्या खिशातून, हे शोरूमला जाण्याआधी घरी बोलून घे.