बंदर-लोगांचा कलंक

रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मधील बंदर-लोग आमच्या घरी मुलांना तोंडपाठ आहेत. झाडांच्या शेंड्यांवर वावरणारी ही जमात. तिला ना कायदा, ना पुढारी, ना कालची आठवण! कथा सिवनीच्या रानातली, म्हणजे आम्हां मध्यप्रदेशवासीयांच्या घरचीच. परवा अंगणातील चिंचेवर वानरे उतरताच 'बंदर-लोग आले' म्हणत नातवाने दगड उचलला, तेव्हा आम्ही चपापलो.

त्या रानातील खरा वानर किती निराळा! वाघ दिसताच तो शेंड्यावरून खोकल्यासारखा आवाज काढतो आणि त्याने खाली टाकलेला पाला खाणारी चितळे सावध होतात. हे नातवाला सांगितले. दगड खाली पडला. आता तो आवाज आम्हीच काढून दाखवावा, असा हट्ट सुरू आहे.