काढ्यालाही परीक्षा हवी

पिवळा धोत्रा आपल्याकडे बांधावर, पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला माजलेला असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत याच झाडाचा काढा हिवतापावर देतात. परंपरेचा आहे म्हणून तो डोक्यावर घेतला नाही आणि गावठी म्हणून झिडकारलाही नाही. तिथे त्याची रीतसर परीक्षा झाली.

एरवी असं संशोधन प्रयोगशाळेत सुरू होतं. अर्क काढायचा, परजीवींवर टाकायचा, मग उंदरांना द्यायचा. माणसापर्यंत पोचेतो वर्षं जातात. मर्लिन विलकॉक्स, बर्त्रां ग्राझ आणि मालीचे द्रिसा डियालो यांच्या गटाने उलट्या टोकाकडून सुरुवात केली. घरोघरी जाऊन विचारलं, मागच्या तापात काय घेतलं आणि पुढे काय झालं? कितीतरी झाडपाल्यांमधून पिवळा धोत्रा पुढे आला. आधी 80 रुग्णांवर मात्रा ठरवली, मग 301 रुग्णांमध्ये काढ्याची तुलना थेट आर्टेसुनेट-अमोडायाक्विन या हिवतापावरच्या गोळ्यांशी केली. काढा घेणाऱ्यांपैकी सुमारे 89 टक्क्यांना दुसरं औषध लागलं नाही. गोळ्या घेणाऱ्यांत हेच प्रमाण 95 टक्के होतं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत आजार गंभीर होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, 1.9 टक्के.

हे आकडे पाहून हुरळून जाऊ नये. मात्रा ठरवताना ज्यांना बरं वाटलं, त्यांच्यातल्याही बहुतेकांच्या रक्तातले परजीवी पूर्ण गेले नव्हते, फक्त कमी झाले होते. सतत डास चावून जिथल्या माणसांत थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, तिथे तेवढ्यावर निभावतं. बाहेरगावाहून आलेल्या मजुराला किंवा गरोदर बाईला तेच जिवावर बेतू शकतं. संशोधकांनी ही उणीव लपवली नाही, म्हणूनच त्यांच्या 89 टक्क्यांवर माझा विश्वास बसतो.

महाराष्ट्रात गडचिरोलीत हिवताप मोठ्या प्रमाणावर आढळतो. तिथे कोणता पाला घेतला जातो आणि त्यानंतर रुग्णाचं काय होतं, याची अशी घरोघरची नोंद आरोग्य खात्याने करायला हवी. मात्र त्यासाठी एकाही रुग्णाची गोळी थांबता कामा नये. ताप आला की आशाताईंकडून रक्त तपासून घ्यावं आणि गोळ्या पूर्ण संपवाव्यात. पिवळ्या धोत्र्याचा काढा घरी करून पाहू नये. त्याच्या बियांच्या तेलात विष असतं. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली आणि माणसं दगावली.