बिडाच्या यंत्रांचे अर्थशास्त्र

अमेरिका आणि इंग्लंडमधील लहान सुतारशाळांत गेली काही दशके एक वरकरणी उलटा वाटणारा व्यवहार चालू आहे. कारखाना सुधारायचा म्हणून मालक नवे यंत्र विकतो आणि जुने आणतो. पत्र्याच्या घोडीवर बसविलेली, हलक्या टेबलाची करवत जाते आणि तिच्या जागी त्याच्या आजोबांच्या काळात ओतलेले, चार माणसांना न हलणारे बिडाचे यंत्र येते. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्सची ऑलिव्हर किंवा लेस्टर येथे १८९७ मध्ये सुरू झालेली वाडकिन या कंपन्यांच्या जुन्या यंत्रांना आजही गिऱ्हाईक आहे. डेल्टा कंपनीने १९३९ मध्ये बाजारात आणलेली 'युनिसॉ' ही करवत तर कित्येक ठिकाणी अद्याप रोजच्या कामात आहे. या साऱ्याला जुन्याचा शौक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्यामागे असलेला हिशेब आपल्याकडील लहान कारखानदारांनी, आणि त्यांना कर्ज देणाऱ्यांनीही, समजून घेण्याजोगा आहे.

या हिशेबाचा पहिला आकडा धातूच्या गुणधर्मात आहे. बिडामध्ये कार्बनचा काही अंश ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो आणि यंत्राची थरथर हे पापुद्रे शोषून घेतात. मिनिटाला हजारो फेरे घेणारा रंध्याचा दंड किंचित जरी थरथरला, तरी त्याच्या लाटा लाकडावर उमटतात; मग त्या घासून काढण्यासाठी पॉलिश कागद आणि मजुरी खर्च करावी लागते. जड बैठकीचे यंत्र हा खर्च वाचविते. शिवाय लाकूडकामाच्या तंत्राचा गाभा गेल्या पाऊणशे वर्षांत फारसा बदललेला नाही. फळी सपाट करणे, तिची जाडी एकसारखी करणे आणि ती सरळ चिरणे ही कामे तेव्हाही फिरत्या पात्यानेच होत आणि आजही तशीच होतात. ज्या धंद्यात तंत्र वेगाने पालटते तेथे जुने यंत्र लवकर निरुपयोगी ठरते. सुतारकाम हा तसा धंदा नव्हे.

असे असूनही ही यंत्रे स्वस्त का मिळतात? मोठ्या फर्निचर कारखान्यांनी भरीव लाकूड सोडून भुशाचे दाबीव तक्ते आणि संगणकनियंत्रित यंत्रे स्वीकारली. ओतशाळांचे लाकडी नमुने बनविणारे विभाग बंद पडत गेले, शाळांतील सुतारकामाचे वर्ग आटले. चिनी बनावटीच्या शयनगृहाच्या लाकडी फर्निचरवर अमेरिकेने २००५ मध्ये प्रतिपाटन शुल्क लावले, यावरून तेथील कारखान्यांवर आलेल्या ताणाची कल्पना यावी. पुरवठा वाढला आणि मागणी रोडावली. त्यात यंत्र सोडविणे, क्रेनने उचलणे, वाहून नेणे आणि त्यासाठी जमीन पक्की करणे हा खर्च यंत्राच्या किमतीहून जास्त भरू लागला. परिणामी कित्येक उत्तम यंत्रांचा भाव भंगाराच्या भावाला जाऊन भिडला.

हिशेबाची वही या घसरणीला दुजोराच देते. आयकराच्या नियमांप्रमाणे सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर दरसाल १५ टक्के घसारा उरलेल्या किमतीवर धरला जातो. या दराने लाख रुपयांचे यंत्र दहा वर्षांनी सुमारे वीस हजारांचे आणि वीस वर्षांनी चार हजारांहूनही कमी किमतीचे उरते. परंतु घसारा ही कर-आकारणीच्या सोयीसाठी केलेली कल्पना आहे; यंत्राची शक्ती त्या गतीने क्षीण होत नसते. वहीतील किंमत आणि उपयोगमूल्य यांतील हे अंतर हाच जुने यंत्र घेणाऱ्याचा नफा होय.

अर्थशास्त्राला हा विचार नवा नाही. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये वापरलेल्या यंत्रांच्या उपयुक्ततेवर लेख लिहून, कमी मजुरीच्या देशांना अशी यंत्रे का परवडू शकतात याची चर्चा केली होती. जुन्या यंत्राला देखभाल अधिक लागते आणि देखभाल म्हणजे मुख्यतः श्रम. जेथे श्रम स्वस्त आणि भांडवल महाग, तेथे थोड्या भांडवलात अधिक श्रम मिसळून तेच उत्पादन काढणे शहाणपणाचे ठरते. म्हणजे अमेरिकन सुतार जो व्यवहार करतो, तो करण्यास आपल्या कारागिराजवळ अधिक सबळ कारण आहे.

तथापि या युक्तिवादाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले की, विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक आणि गिऱ्हाईकाला नाही अशा बाजारात चांगला मालही मातीमोल होतो. यंत्रांचेही तसेच आहे. बीड ठिसूळ असते. बैठकीतील तडा रंगाखाली सहज लपतो आणि तो सांधणे हे कसबी माणसाचे काम असते. हरवलेला सुटा भाग बाजारात मिळत नाही. अमेरिकन मोटार ६० आवर्तनांच्या विजेसाठी बनलेली असेल, तर आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर ती पाच-षष्ठांश वेगानेच फिरते. त्याहून जुन्या यंत्रांत फिरता दंड बॅबिट धातूवर टेकलेला असतो. हा मऊ मिश्रधातू झिजल्यास वितळवून पुन्हा ओतता येतो, पण तो ओतणारे हात आता विरळ झाले आहेत. खरेदीच्या रकमेत हे सारे मिळविल्याशिवाय यंत्र स्वस्त की महाग ते ठरत नाही.

सर्वांत मोठा आणि बहुधा न मांडला जाणारा खर्च सुरक्षिततेचा आहे. प्रारंभीच्या रंधायंत्रांचा दंड चौकोनी असे. त्याच्या सपाट बाजू आणि टेबल यांमधील फटीत बोटे खोलवर ओढली जात. इंग्लंडमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने फळी सारायच्या यंत्रांना गोल दंड सक्तीचा केला. लाकूड चिरल्यावर ते मिटून पात्याला चिमटू नये म्हणून पात्यामागे ठेवावयाची पोलादी पट्टी अनेक जुन्या अमेरिकन करवतींना नाही. उलट, बोटाचा स्पर्श होताच काही सहस्रांश सेकंदांत पाते थांबविणारी करवत २००४ पासून बाजारात आहे. या बाबतीत नवे यंत्र निःसंशय सरस आहे. आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून धरला जाई. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा आकडा वीसवर नेला. चार-सहा माणसांची सुतारशाळा या चौकटीच्या बाहेरच राहते. तेथे संरक्षक जाळी बसवायची की नाही, हे मालकाच्या विवेकावर सोडलेले असते आणि चूक झाल्यास तिची किंमत कारागिराची बोटे मोजतात.

शासनाने मात्र जुने यंत्र म्हणजे मागासलेपणा असे सोपे समीकरण मांडले. लघुउद्योगांच्या तंत्रसुधारणेसाठी १५ टक्के भांडवली अनुदान देणाऱ्या केंद्रीय योजनेने वापरलेली यंत्रे सरसकट वगळली होती. जुन्या यंत्राच्या नावाखाली भंगार खपविले जाईल ही भीती निराधार नव्हती. परंतु त्यावरचा उपाय बंदी हा नसून तपासणी हा आहे. यंत्राचे वय विचारण्याऐवजी त्याचे टेबल किती सपाट आहे, दंड किती खरा फिरतो, पात्यावर आवरण आहे की नाही हे विचारावयास हवे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अल्प शुल्कात अशी तपासणी करून दाखला द्यावा, बँकांनी त्या दाखल्यावर दुरुस्तीच्या आणि संरक्षक साधनांच्या खर्चासह कर्ज द्यावे आणि संरक्षणाची व्यवस्था नसल्यास दाखलाच मिळू नये. ॲकरलॉफ यांनी दाखविलेल्या अज्ञानावरही हाच उतारा आहे. सुट्या भागांची अडचण महाराष्ट्राला तरी पडू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगरापासून बिडाशी परिचय असलेल्या या प्रदेशात कोल्हापूरसारखे ओतकामाचे मोठे केंद्र आहे. तुटलेल्या भागाचा लाकडी नमुना करून नवा भाग ओतणे तेथे नित्याचे काम आहे.

सुधारणा म्हणजे नवी खरेदी, ही समजूत भांडवल मुबलक असलेल्यांना परवडते. ज्याच्याजवळ भांडवल बेताचे आणि कसब भरपूर, त्या कारागिराला यंत्र कोणत्या साली ओतले याच्याशी कर्तव्य नाही. ते अचूक चालावे आणि संध्याकाळी त्याची दहाही बोटे शाबूत राहावीत, एवढेच त्याचे मागणे असते. कर्जाचे आणि अनुदानाचे नियम या दोन कसोट्यांवर बेतणे अवघड नाही.