‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका



घरातील वडीलधारा माणूस विसरू लागला की आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसतो आणि विषय सोडून देतो. परंतु चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि घरचा रस्ता न सापडणे, सुट्टे पैसे न मोजता येणे, तोच प्रश्न दहादा विचारणे वेगळे. हा म्हातारचळ नव्हे. तो स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार असू शकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली या आजाराची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबू शकेल. त्यातले एक कारण आहे लहानपणी शिक्षण न मिळणे. आपल्या ज्या वडीलधाऱ्यांना जातीने आणि गरिबीने शाळेबाहेर ठेवले, जे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून इकडे आले, दगडखाणीत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत राबले, त्यांना तो अन्याय म्हातारपणीही छळतो.

यंत्रांच्या आवाजाने अनेकांचे कान गेले. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलेनासा होतो आणि बोलेनासा झाला की एकटा पडतो. बहिरेपण आणि एकटेपण ही दोन्ही कारणे त्या यादीत आहेत. स्त्रिया विहारात, महिला मंडळात जातात. पुरुषाचे मात्र काम सुटले की सोबतीही सुटतात. मग उरते बिडी नाहीतर दारू. त्यात वाढलेला रक्तदाब आणि साखर! पाचवे शील पाळणे म्हणजे मेंदूचे रक्षण करणे, हेही आपण ओळखले पाहिजे.

तेव्हा काय करावे? अंगारे-धुपारे नकोत. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, कान-डोळे दाखवा. विसरभोळेपणा वाढला असेल तर वाशी, नेरुळ किंवा ऐरोलीच्या पालिका रुग्णालयात न्या. बहुतेक स्मृतिभ्रंश पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. परंतु थायरॉईडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मनाची उदासी यांनीही विसरायला होते आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून उशीर करू नये. रोज अर्धा तास चालायला लावा.

आणि एक काम विहार समित्यांचे. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. तिथे या बाबांना मागच्या सतरंजीवर नव्हे, पुढे बसवा. वाचता येत असेल त्यांना एक पान वाचू द्या. येत नसेल त्यांना नामांतराच्या लढ्याच्या आठवणी सांगायला लावा. ज्यांनी आपल्याला शिकवण्यासाठी आयुष्य झिजवले, त्यांच्याशी रोज चार शब्द बोलणे एवढे तर आपल्या हाती आहे.