मावशींचे आभार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा मुलगा धापा टाकत दारात आला. वडिलांच्या छातीत कळ आली होती. रिक्षात घालून आम्ही त्यांना जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेले. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करताच विचारले, ‘‘डिपॉझिट कोण भरणार?’’ मावशींनी कनवटीची गाठ सोडली. सातशे रुपये निघाले.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचे होते. दारावरच्या पाटीवरच तसे लिहिले होते. मी म्हटले, ‘‘तातडीच्या रुग्णाकडून धर्मादाय रुग्णालयाला अनामत मागता येत नाही.’’ आता त्याने मान वर केली, फोन लावला आणि पाच मिनिटांत स्ट्रेचर आले. मावशींचे यजमान वाचले. पण मी सोबत नसते तर?

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्या राज्यघटनेत ‘आरोग्याचा हक्क’ असे वेगळे कलम नाही; पण २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच तो येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य, असा निकाल १९८९ साली झाला. बंगालमधल्या शेतमजूर संघटनेचा एक सभासद १९९२ साली रेल्वेतून पडला. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. १९९६ साली न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे बजावले.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजनाच आखून दिली. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम बाजूला काढायची. देखरेख धर्मादाय आयुक्तांची.

मग अडते कुठे? अडते त्या खिडकीवर. ज्याच्यासाठी योजना, त्याला ती ठाऊक नसते. ठाऊक असली तरी शिधापत्रिका घरी असते, उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीत आणि दुखणे रात्रीचे. खिडकीशेजारी ठळक मराठीत नियमांचा फलक, आज किती राखीव खाटा रिकाम्या आहेत त्याचा आकडा आणि रात्रपाळीला एक समाजसेवक, एवढे केले तरी कितीतरी माणसे परत जाणार नाहीत. त्यासाठी नवा कायदा नको. आहे त्या नियमांची दररोज तपासणी हवी. आणि आपणही आपल्या घरी राबणाऱ्या माणसांना हे नियम एकदा नीट समजावून सांगायला हवेत.

चौथ्या दिवशी मावशी कामावर आल्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, ‘‘ताई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.’’ मला फार ओशाळल्यासारखे झाले. जे त्यांचेच होते, त्याचे आभार त्या मला देत होत्या.