पडलेलं झाड उचलतं कोण?

वळवाचा पाऊस सोलापुरात एकटा येत नाही, वारा घेऊन येतो. कडुनिंब, गुलमोहर रस्त्यावर आडवे होतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते ती वाहतूक किती तासांत सुरू झाली याची. झाड कापणारे हात कोणाचे, हे बातमीत नसतं. वस्त्यांत काम करताना ते हात आम्हाला भेटतात. कंत्राटी सफाई कामगार, नाक्यावरून रोजावर उचललेली पोरं. पायात चप्पल, डोक्याला रुमाल.

झाड पडलं म्हणजे धोका संपला, हा गैरसमज आहे. वाकून दबलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. चुकीच्या बाजूने कापली की सुटून छातीवर बसते. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो, आणि खड्ड्यात अनेकदा कोणीतरी उभं असतं. दुसऱ्या झाडावर अडकलेल्या खोडाखाली तर जायचंच नाही. वीज गेली म्हणजे तार मेली असंही नाही. कोणाच्या तरी जनरेटरचा प्रवाह उलटा येऊ शकतो. महावितरणच्या माणसाने पुरवठा तोडल्याचं स्वतः सांगेपर्यंत थांबायला हवं.

एवढं सगळं ज्याला कळावं लागतं, त्याचं काम मात्र 'साफसफाई' म्हणून धरलं जातं. आपल्या माणसांच्या कामाला कौशल्य म्हणायचं नाही, ही व्यवस्थेची जुनी खोड.

गटारात मेलेल्यांसाठी चळवळ कोर्टात लढली. म्हणून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख झाली. झाडाखाली सापडलेल्या मजुरासाठी आपण काय केलं? कायदा अगदीच मुका नाही. ठेकेदाराच्या माणसाला कामावर इजा झाली तर काम देणाऱ्या मूळ मालकावरही भरपाईची जबाबदारी येते, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण हजेरीपटावर नावच नसेल, तर तो कामावर होता हे सिद्ध कसं करणार? म्हणून आम्ही हेल्मेटच्याही आधी हजेरीचा प्रश्न विचारतो.

तरुण मित्रांनी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. झाडं हटवण्याचा ठेका कोणाकडे, करारात हेल्मेट, बूट, प्रशिक्षण आणि विमा लिहिला आहे का, गेल्या वर्षीच्या हजेरीपटाची प्रत मिळेल का. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला अर्ज टाकला तरच वळवाच्या आधी कागद हातात पडतील.