ग्रहणाचे मिनिट सांगता, अरोराची रात्र का नाही?

पंचांगात ग्रहणाची वेळ वर्षभर आधी छापून येते. मग अरोरा कोणत्या रात्री दिसेल, एवढेही शास्त्रज्ञांना सांगता येऊ नये? मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले येथून सौरवादळाची तांबडी आभा, म्हणजेच अरोरा, टिपली गेली. तेव्हापासून नारायणगाव-मंचरच्या गप्पांतही हा आक्षेप येतो. त्याचे शेपूट ठरलेले: म्हणजे सगळे अंदाजपंचेच!

या आक्षेपात गल्लत आहे. ग्रहण लागणे वेगळे, दिसणे वेगळे. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण गणिताबरहुकूम झाले. बिहारमधल्या तारेगना येथे जमलेल्यांना मात्र ढग दिसले. अरोराचे तर 'लागणे'ही नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात बसत नाही. सूर्याने फेकलेला चुंबकित वायूचा लोट पंधरा कोटी किलोमीटर ओलांडायला साधारण एक ते चार दिवस घेतो, आणि त्याच्या आगमनाचा अंदाज दहा-बारा तासांनी सहज चुकतो. तेवढ्यात रात्र सरते. खरी अडचण दिशेची. लोटातले चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाऊन ऊर्जा आत शिरते; उत्तरेकडे असेल, तर दांडगा लोटही बराचसा बाजूने निघून जातो. ही दिशा लांबून भरवशाने कळत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आदित्य-एल१ सारख्या यानावरून लोट गेला, की कळते. मग हाती उरतो जेमतेम तासभर.

तेव्हा 'शक्यता आहे' म्हणणारा टाळाटाळ करत नाही. अजून काय मोजायचे राहिले आहे, ते तो सांगतो. थाप असते ती 'आज रात्री शिवनेरीवरून अरोरा पाहा' म्हणणाऱ्यांची. हानले सुमारे ३३ अंश अक्षांशावर, शिवनेरीचे जुन्नर १९ वर. ४ फेब्रुवारी १८७२ रोजी मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे, म्हणून 'कधीच नाही' असे मी लिहिणार नाही. पण ते वादळ इतिहासातल्या सर्वांत मोठ्यांपैकी होते.

जुन्नरला सौरवादळ जाणवते ते खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत; वरच्या वातावरणातले आयनांबर ढवळले, की त्यांच्याकडे येणाऱ्या रेडिओलहरींची वाट वाकडी होते. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांनी त्याआधी उटीला एक बांधली. तिच्यातून दूरच्या रेडिओस्रोतांची लुकलुक मोजून वाटेतल्या सौरवाऱ्याचा वेग काढता येतो. अंदाजातली चूक घटते ती अशा मोजणीने. तोवर मला किती तास पुढेमागे आणि कोणत्या अक्षांशापर्यंत, हे लिहिलेला अंदाज हवा. घटका-पळे ठोकून देणारा नको.